पाचपोर काकूंचा फ्रीज

"झाला. बंद झाला." आई भिंतीला कान लावून उभी होती. तिनं कानावरचा पदर सारखा केला आणि हलक्या आवाजात विचारलं, "किती वाजले?"

"अकरा-वीस."

"लिहून ठेव."

मी जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानावर लिहिलं : अकरा-वीस, बंद. त्याच्या वरच्या ओळीत होतं : अकरा-नऊ, चालू. त्याच्याही वर दोन पानं अशीच भरलेली होती.

"अकरा मिनिटं! फक्त अकरा मिनिटं चालू ठेवला बाईनं," आई पुटपुटली. "अन् बाहेर चिमण्या मरून राहिल्या उन्हानं."

भिंतीपलीकडे पाचपोर काकू राहायच्या आणि आमची ही हेरगिरी त्यांच्या फ्रीजवर चालली होती. साल शहाऐंशी, गाव अकोला, महिना मे. मी तेवीस वर्षांची, प्राथमिक शाळेत मास्तरीण, उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे दिवसभर घरी. स्वभाव पहिल्यापासून संशयी. दूधवाल्यानं माप भरलं की मी आधी मापाचा तळ बघायची, मग दूध. हा गुण मला आईकडून मिळाला होता, आणि आम्ही दोघी एका घरात बसलो की तो दुप्पट व्हायचा.

जिनिंग फॅक्टरीच्या मागे सात घरांची आमची रांग होती. दोन घरांत एकच भिंत, सगळ्यांना मिळून समोर एक नळ, आणि सगळ्या रांगेत फ्रीज एकच. पाचपोर काकू विधवा, एकट्या. त्यांचा मुलगा भिलाईला नोकरीला होता, त्यानं तो घेऊन दिला होता. पण फ्रीज त्यांचा असला तरी तो रांगेचाच होता म्हणा ना. कुणाचं विरजण, कुणाची भिजवलेली डाळ, पाहुणे आले की कुणाचं सरबत, सगळं त्यांच्याकडे जायचं. एप्रिलपासून त्यात आमच्या बाबांची इन्शुलिनची बाटलीही जाऊन बसली.

बाबा तार ऑफिसातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी तारेचे ठोके ऐकून कागदावर उतरवले. अकरा वर्षांपासून मधुमेह, आणि पथ्य असं कडक की दिवाळीत आई अनारसे तळत असली की ते बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. अकरा वर्षांत गोडाचा एक कण त्यांच्या जिभेला लागला नव्हता. त्याचा त्यांना अभिमान होता आणि आईला त्यांच्यापेक्षा जास्त. "आमच्या यांच्यासारखा माणूस दाखवा मले," असं ती नळावर चारचौघींत ऐकवायची. गोळ्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी एप्रिलमध्ये इन्शुलिन सुरू केलं. सुई टोचायला मी शिकले. आधी संत्र्याला टोचून सराव केला, मग बाबांना.

पहिले दोन आठवडे छान गेले. मग बिघडलं.

रोज सकाळी मी निळ्या औषधात त्यांच्या लघवीचे आठ थेंब टाकून काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर चालेल, पिवळं म्हणजे वाईट, आणि विटेचा रंग आला म्हणजे साखर उतू चाललीय. मेच्या पहिल्या आठवड्यापासून नळी रोज विटकरी व्हायला लागली. बाबांना तहान आवरेना. पायजम्याची नाडी दोन बोटं जास्त आवळावी लागली. उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून साधा ओरखडा झाला होता, तो भरायचं सोडून काळपट पडला. डॉक्टर सरपांनी अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, "पंधरा दिवसांत साखर उतरली नाही तर अंगठा ठेवता येणार नाही. कदाचित पाऊलही." मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "औषध गार जागी ठेवता ना? उन्हानं त्याचं नुसतं पाणी होतं."

तिथून माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. घरी येताना रिक्षात मी आईला म्हटलं, "आई, सकाळी मी आणते तेव्हा बाटली कोमट असते."

आईनं माझा हात घट्ट धरला. "कोमट? फ्रीजमधली बाटली कोमट?"

खरंच असायची. मी रोज सातला जायची तेव्हा काकू ती ओट्यावरूनच उचलून द्यायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. फ्रीज उघडायच्याच नाहीत. आणि अलीकडे बाटलीच्या काचेला आतून पांढरे बारीक कण चिकटलेले दिसत. आधी ते नव्हते.

एकदा शोधायचं ठरवलं की पुरावे पायाशी येऊन पडतात. दोन दिवसांत आमच्याकडे ढीग झाला. एक, काकूंनी रांगेला बर्फ देणं बंद केलं होतं. ऐन मेमध्ये! दरवर्षी त्या संध्याकाळी घरोघरी चार-चार खडे पाठवायच्या. आता कुणी भांडं घेऊन गेलं की "बर्फ होत नाही वं आजकाल" म्हणून वाटेला लावायच्या. दोन, कुणी फ्रीजला हात लावायला गेलं की त्या मध्ये येऊन उभ्या राहायच्या. "थांब, मी देतो काढून." तीन, फ्रीजखाली पाण्याचं थारोळं. आई विरजणाची वाटी आणायला गेली तेव्हा तिनं ते स्वतः पाहिलं. "बर्फ वितळल्याशिवाय पाणी येते का कुठून? बंद असते तो."

आणि चौथा पुरावा भिंतीतून ऐकू यायचा. फ्रीज आमच्या भिंतीला टेकूनच ठेवलेला होता. घर्रर्र असा आवाज चालायचा, मग टक्, मग अंग झटकल्यासारखी एक खडखड, आणि शांत. शांततेत कान देऊन ऐकलं तर पोटात पाणी फिरल्यासारखी गुळगुळ. मग पुन्हा टक् आणि घर्रर्र. आमच्या घरात त्याआधी फ्रीज कधी आलेला नव्हता. पंखा आपण लावला की लागतो, बंद केला की बंद होतो. फ्रीजचं दुसरं काही असेल हे आमच्या डोक्यात कशाला येतंय?

"लाइटबिलासाठी करते," आई म्हणाली. "जरा चालवते, जरा बंद करते."

बाबा खाटेवर पडलेले. ग्लानीत असायचे. एकदा डोळे उघडून म्हणाले, "वहिनीला जाऊन विचारा नं सरळ."

पण आम्ही विचारलं नाही. संशय आला की माणूस विचारत नाही, पकडायला बघतो. आम्ही हजेरीपट काढला आणि पाच दिवस डोळ्यांत तेल घालून, खरं तर भिंतीला कान लावून, तासातासाची नोंद केली.

सहाव्या दिवशी सकाळी नळी पुन्हा विटकरी झाली आणि माझा तोल गेला. बाटली मागायला मी काकूंच्या घरी गेले नाही. त्या नळावर होत्या, रांगेतल्या चार-पाच जणीही होत्या. मी हजेरीपट घेऊन तिथे गेले.

"काकू, फ्रीज बंदच ठेवायचा होता तर आधी सांगायचं होतं," मी म्हटलं. "आमच्या बाबांचा पाय जायची वेळ आली तुमच्या लाइटबिलापायी."

काकूंच्या हातात अर्धी भरलेली बादली होती. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी? मी कधी बंद केला वं?"

"कधी? ऐका." आणि मी वाचायला लागले. मुलांची हजेरी घेते तशा खणखणीत आवाजात. "रविवार, नऊ-दहा बंद. नऊ-चोवीस चालू. नऊ-पस्तीस बंद. सोमवार..." मी पूर्ण दोन पानं वाचली. कुणी नळ बंद केला होता, त्यामुळे प्रत्येक आकडा नीट ऐकू गेला.

"पोरी, मले तं यातलं काहीच समजत नाही," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. मला तेव्हा तो चोरी पकडलेल्या माणसाचा वाटला. "मी बटणाले हातबी लावत नाही."

"मग भूत लावते काय?" मागून आई म्हणाली. तीही येऊन उभी राहिली होती.

काकूंनी बादली तिथेच ठेवली आणि त्या घरात गेल्या. बाईनं भरलेलं पाणी सोडून जावं, तेही मेमध्ये, म्हणजे कबुलीच, असं सगळ्यांनी ठरवलं. ती बादली संध्याकाळपर्यंत तिथेच होती.

त्याच दिवशी मी नवी बाटली आणली. या वेळी खोक्यातला इंग्रजी कागद मन लावून वाचला आणि बाबांनाही मोठ्यानं वाचून दाखवला. औषध गरमीपासून जपा, असं त्यात होतं. गोठू देऊ नका, असंही होतं. अकोल्याच्या मेमध्ये कशाला काय गोठतंय, असं म्हणून मी पुढे गेले. जुन्या माठात ओली वाळू भरून त्यात बाटली पुरली, माठ मोरीच्या कोपऱ्यात ठेवला, वरून दिवसातून तीनदा पाणी शिंपडलं.

पाचव्या दिवशी नळी पिवळी झाली. आठव्या दिवशी हिरवी. बाबा उठून बसले, त्यांनी भाकरी मागितली. अंगठ्याच्या कडेनं लाल कातडी दिसू लागली. डॉक्टर सरप म्हणाले, "वाचला. आता सांभाळा."

आईचा आनंद गगनात मावेना, आणि त्या आनंदाला एक तिखट कड होती. "पाहिलं?" ती ज्याला त्याला सांगायची. "मातीच्या माठानं केलं ते हजारोंच्या फ्रीजनं नाही केलं. कारण माठाले बटण नसते." रांगेला हे पटलं. पटायला पुरावा समोर खाटेवर बसून भाकरी खात होता. विरजणाच्या वाट्या काकूंकडे जायच्या थांबल्या. त्या नळावर आल्या की बोलणं थांबायचं. मग त्या सगळ्यांच्या आधी, उजाडता उजाडता पाणी भरून घ्यायला लागल्या.

त्यातच एक नवीन प्रकार सुरू झाला. भिंतीतला आवाज आता थांबेना. सकाळ, दुपार, संध्याकाळ, घर्रर्र आणि त्याच्यावर एक खडखड, मांडणीवरचे आमचे पेले किणकिणायला लागायचे.

"आता मुद्दाम चालवते," आई म्हणाली. "आपल्याले ऐकवायले."

तिसऱ्या दिवशी दुपारी आई हळद दळायला गिरणीत गेली होती. बाबांनी मला हाक मारली. "कुमुद, ती तुझी नोंद आण बरं."

मी हजेरीपट दिला. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, "अकरा मिनिटं चालू, चौदा बंद. अकरा, चौदा. अकरा, चौदा. कुठं बारा, कुठं तेरा. पण रोज हेच."

"हो. ठरवून करायच्या त्या."

"चौतीस वर्षं मी माणसाच्या हाताचे ठोके ऐकले, बाई. भुसावळचा माणूस वेगळा, बडनेऱ्याचा वेगळा. कोणी घाईत, कोणी झोपेत. कोणाच्याच हाताला इतका नेम नसतो. हे यंत्र आहे. गार झालं की आपलं आपण बंद होते, गरम झालं की आपलं आपण चालू."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही कधी फ्रीज पाहिलाय आतून?"

बाबा चिडले नाहीत. "सोमवारी वहिनी कुठं असतात?"

"राजेश्वराच्या देवळात जातात. दहा ते बारा."

"घरात कोण असते तेव्हा?"

"कुणी नाही. कुलूप असतं."

"सोमवारची नोंद वाच."

मी वाचली. "दहा-चाळीस, बंद. दहा-चोपन्न..." आणि माझं बोट त्या ओळीवरच थांबलं. दहा-चोपन्न, चालू. माझंच अक्षर. हेच मी नळावर सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात वाचलं होतं.

"कुलूप लावलेल्या घरात कोणी चालू केला?" बाबांनी विचारलं.

मला घाम फुटला. तो उन्हाचा नव्हता. तरी माझा स्वभाव बघा, पुढचंच वाक्य काय आलं तोंडातून? "मग बाटली कोमट का असायची?"

"ते आता जाऊन विचारू," बाबा म्हणाले आणि त्यांनी काठी मागितली.

काकूंनी दार उघडलं, आम्हाला पाहून मागे सरकल्या. डोळे सुजलेले होते. बाबांनी काठी भिंतीला टेकवली आणि हात जोडले. "वहिनी, पोरीची चूक झाली. बायकोची झाली. मी पडून होतो, माझीबी झाली."

"बसा, भाऊजी. पायाले बरं हाय नं आता?" काकूंनी पहिली चौकशी ही केली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

फ्रीज घुमत होता, इतका की बोलणं ऐकू येईना. बाबा म्हणाले, "आधी याचं पाहू." त्यांनी वाकून मागे पाहिलं. मागची जाळी भिंतीला घट्ट टेकली होती. "म्हणून आमची भिंत बोलते. कुमुद, ओढ थोडा पुढं." मी वीतभर ओढला. निम्मा आवाज तिथेच गेला. एक पाय अधांतरी होता. बाबांनी खिशातल्या पोस्टकार्डाच्या चार घड्या करून तो त्याखाली सारला. खडखडही थांबली. दुसरं पोस्टकार्ड दाराच्या फटीत धरून त्यांनी दार लावलं आणि कार्ड ओढलं. ते अलगद बाहेर आलं. "दाराचं रबर सैल आहे. बाहेरची गरम हवा आत जाते, तिचं पाणी होते, ते खाली गळते. कोमट साबणपाण्यानं पुसून घ्या, कडेनं चिकटलेलं सगळं काढा. मग कार्ड अडकते का पाहा."

म्हणजे थारोळंही गेलं माझ्या पुराव्यांतून.

दार उघडून बाबांनी आतलं गोल बटण पाहिलं. ते सातवर होतं, शेवटच्या आकड्यावर. "हे सातवर कोणी केलं?"

काकू खाली बघायला लागल्या. "मीच. इतके दिवस तीनवर होतं, कधी हात नाही लावला. नळावर इतकं बोलणं झालं... म्हटलं आता थांबूच नये यानं. दिवसभर ऐकू येऊ दे भिंतीतून, बंद नाही करत म्हणून."

बाबांनी बटण परत तीनवर आणलं आणि बर्फाच्या कप्प्याचं झाकण उघडलं.

आत बर्फाच्या साच्याची पेटी नव्हती. भाजी नव्हती, दूध नव्हतं, काही नव्हतं. चारी बाजूंनी बोटभर हिम चढलेलं आणि मधोमध मलमलीच्या फडक्याचं गोल वेटोळं, गोठून लाकडासारखं झालेलं. वेटोळ्याच्या मध्ये एका लहान बाटलीपुरती जागा.

"हे काय?" मी विचारलं, पण मला समजायला लागलं होतं.

"भाऊजींच्या औषधाची जागा," काकू म्हणाल्या. "आधी फ्रीजच्या दारात ठेवत होती. मग तूच तं म्हटलं नं, ऊन वाढलं तेव्हा? काकू, जितकं थंड तितकं चांगलं. मग म्हटलं, फ्रीजमधी याच्याहून थंड जागा कोणती हाय? बर्फाची पेटी काढून टाकली. बर्फ करायचा म्हणजे दहादा दार उघडा, थंडावा जाते. म्हणून कोणाले उघडूबी नाही दिलं. अन् औषधासाठी बर्फ बंद केला म्हटलं असतं तं लोकायनं तुम्हालेच बोल लावला असता, म्हणून म्हटलं होत नाही."

"आणि सकाळी... बाटली बाहेर का असायची?"

"अवं, दगड होऊन जायची ती! पाचले उठून काढून ठेवत होती. इतकं गार औषध टोचलं तं भाऊजींले दुखन नाही का?"

मी म्हटलं होतं. शब्दन् शब्द माझा होता. दुपारची वेळ होती, मी घाईत होते, बाटली त्यांच्या हातात ठेवून दारातूनच ते बोलले आणि विसरून गेले. त्या विसरल्या नाहीत. महिनाभर, बेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात, बर्फाचा खडासुद्धा स्वतःच्या तोंडात न टाकता त्यांनी ते पाळलं. आणि रोज ते औषध गोठत होतं, रोज विरघळत होतं, आणि रोज मी ते मेलेलं औषध बाबांना टोचत होते. औषधाचं सगळं काम माझ्याकडे. पहिल्या बाटलीबरोबरचा कागद मी उघडलाही नव्हता.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. कागद मी त्यांनाही वाचून दाखवला होता. त्यांनाही समजलं होतं.

"मग भाऊजी," काकूंनी विचारलं, "मी बंद नाही केला, तं औषध खराब कशानं झालं असन?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, मला आजही सांगता येत नाही.

"औषध खराब झालंच नव्हतं, वहिनी," बाबा म्हणाले. "मीच पेढे खात होतो."

काकूंनी तोंडावर हात ठेवला. "तुम्ही?"

"जठारपेठेत जातो नं मी वाचनालयात. तिथं कोपऱ्यावर दुकान आहे. रोज दोन. सवय लागली. पडून होतो तेव्हाबी खिशात पुडी होती, नळावर भांडण झालं तेव्हा सोडले. साखर चढली अन् तुमच्यावर आलं. तोंड नव्हतं सांगायले." आणि बाबांनी मान खाली घातली. इतक्या सफाईनं खोटं बोलणारा माणूस मी त्याआधी घरात पाहिला नव्हता.

"बाप्पा बाप्पा, भाऊजी!" काकू म्हणाल्या. मग त्या हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या. छातीवरचं ओझं उतरलेलं मला दिसत होतं. "मी तं किती दिवस विचार करून राहिली, माझ्या हातून काय झालं, काय झालं..."

बाहेर ओट्यावर आल्यावर मी बाबांचा हात धरला. "काहून, बाबा? मी सांगते सगळ्यांना. चूक माझी होती."

"तू सांगशील तं तिलेबी समजेल, औषध तिच्या कप्प्यात मेलं म्हणून. एकटी बाई आहे. भिंतीकडं पाहत बसेल जन्मभर. तिचा फक्त जीव होता त्यात, बाकी काही नव्हतं."

"आणि आई? तिला तुमचा किती..."

"तुझी आई रागावेल. त्यानं कोणी मरत नाही."

"आणि मी?"

"तुला समजलं नं," बाबा म्हणाले. "झालं."

मला ते पटलं. सोयीचं होतं, म्हणून फार लवकर पटलं.

आरोप नळावर झाला होता म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा काठी टेकत नळावर गेले आणि सगळ्यांसमोर त्यांनी ते पेढे पुन्हा खाल्ले. बायका पदरात हसल्या. कुणीतरी काकूंची बादली भरून दिली. आई कडेला उभी होती. ती हसली नाही, ओरडली नाही. तिचं तोंड पांढरं पडलं, आणि अकरा वर्षं ज्या गोष्टीवर ती चारचौघींत मान ताठ करून बोलायची, ती गोष्ट तिनं त्या दिवसानंतर कधीही तोंडातून काढली नाही. घरी येऊन तिनं बाबांचा सदरा खुंटीवरून काढला आणि दोन्ही खिसे उलटे करून पाहिले. पुढे रोज पाहायची. वाचनालयात जायचं तर मला सोबत पाठवायची. मी जायची.

अंगठा पूर्ण बरा झाला. काकूंकडे विरजणाच्या वाट्या पुन्हा जायला लागल्या, रांगेला बर्फ मिळाला. दोन घरांचं प्रेम पहिल्यापेक्षा वाढलं. आईनं स्वतः जाऊन त्यांचे पाय धरले होते, "माझ्याच घरात चोर निघाला, बाई," म्हणून.

त्याच वर्षी मार्गशीर्षात माझं लग्न झालं. मंडपात दुपारची पंगत बसली. आईनं माझ्या मावसभावाला मुद्दाम बाबांच्या शेजारी बसवलं होतं, त्यांच्या पानावर लक्ष ठेवायला. वाढणाऱ्यांना बजावून ठेवलं होतं, त्यामुळे जिलबीचं ताट त्यांच्यापाशी आलं की वरच्यावर पुढे जायचं. व्याह्यांकडच्या मंडळींनी कारण विचारलं, आणि कुणीतरी ते रंगवून सांगितलं. पाचपोर काकू वाढत होत्या. नवं लुगडं नेसलेल्या, मुलीच्या लग्नात असतो तसा चेहरा फुललेला. त्या बाबांच्या पानासमोर थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भाऊजी, आज तरी चोरून खाऊ नका हो! पाहुणे पाहून राहिले!"

सगळी पंगत हसली. माझे सासरे हसले, नवरा हसला. बाबाही हसले, आणि समोरची कोरडी भाकरी मोडून भाजीला लावली.

मी समोरच्याच ओळीत नवऱ्याशेजारी बसले होते. शालू, मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा. एक वाक्य बोलायचं होतं. मी मान खाली घातली, आणि नवरी म्हणून ते मला शोभूनही दिसलं.